आंबा गुणिले आंबा म्हणजे काय?

टीचर, नमस्कार.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. बी. कॉम. झाले आहे. गेली तीन वर्षं घरच्या बल्कांवावर (दारासमोरच्या ओसरीवर) सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. सध्या सहा मुलं येतात. टक्केवारी, नफा-तोटा जमतं, पण बीजगणित आलं की गाडी अडते. २क्ष + ३ ला सरळ ५क्ष लिहितात. क्ष² आणि २क्ष एकच समजतात. ३² × ३⁴ चं उत्तर कोणी ९⁶ देतं, कोणी ३⁸. मी घातांकांचे नियम चार्टवर लिहून भिंतीला लावले, रोज म्हणून घेते. तीन आंबे आणि दोन केळी यांची बेरीज होत नाही, हेही दहादा सांगितलं. मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका मुलीने मला विचारलं, कुठल्याही संख्येचा शून्य घात एक कसा? मला सांगता आलं नाही. ‘तसा नियमच आहे’ म्हणून वेळ निभावली. परवाच्या युनिट टेस्टमध्ये तिला वीसपैकी सहा मिळाले. तिची आई म्हणते, महिनाअखेरीस शिकवणी बंद करते. मुलगी हुशार आहे, टीचर. माझंच शिकवणं चुकतंय का?

— एक शिकवणीवाली ताई

ताई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो लिहिताना तुमचा हात किती जड झाला असेल ते मला कळतंय. मुलांच्या चुका तुम्ही इतक्या नेमक्या टिपून ठेवल्या आहेत की तुम्ही मन लावून शिकवताय याबद्दल मला शंका नाही. चुकतोय तो एक दृष्टान्त. तोही तुम्ही शोधलेला नाही. तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला दिला आणि माझ्या शिक्षकांनी मला. ते आंबे आणि ती केळी.

नोकरीची पहिली सहा-सात वर्षं मीही तेच शिकवत होते. अ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी. ३अ + २क, फळं वेगळी, म्हणून बेरीज नाही. मुलांना पटायचं, मलाही समाधान वाटायचं. मग एके वर्षी, फोंड्याकडे एका शाळेत असताना, मी फळ्यावर अ × अ = अ² लिहिलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने अगदी शांतपणे विचारलं, “टीचर, आंबा गुणिले आंबा म्हणजे काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. असणारच नव्हतं. आंब्याला आंब्याने कोण गुणतो? गुणतात संख्येला. महिनाभर मी त्या पोरांना अक्षर म्हणजे फळ असं शिकवत आले होते आणि आता अचानक त्या फळांचा गुणाकार करायला सांगत होते. त्या मुलीने ऐकलेल्या गोष्टीवर नीट विचार केला, म्हणून तिला प्रश्न पडला. ज्यांनी विचार केला नाही, त्यांनी अ² मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. तुमच्याकडे शून्य घाताबद्दल विचारणारी मुलगी आहे ना, ती मला या मुलीच्या जातीची वाटते.

अक्षर म्हणजे संख्या. कळायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची गोष्ट ही एवढीच आहे. अ म्हणजे आंबे नव्हेत, अ म्हणजे आंबे किती आहेत तो आकडा, किंवा एका आंब्याची किंमत, किंवा आंब्याशी काहीही संबंध नसलेली कुठलीही संख्या. हा फरक मुलांच्या मनात पक्का झालाय की नाही हे बघायचं असेल तर त्यांना एवढंच विचारा: एका शिक्षकामागे ३० मुलं आहेत, मुलांची संख्या म आणि शिक्षकांची संख्या श, तर नातं कसं लिहाल? बरीच जणं ३०म = श लिहितील, कारण त्यांच्या मनात म म्हणजे ‘मुलं’, आणि तीस मुलं बरोबर एक शिक्षक. आता शाळेत ६० मुलं आहेत असं धरून बघायला सांगा. ३० × ६० म्हणजे १८०० शिक्षक! मुलंच लगेच म्हणतील की हे उलटं झालं, म = ३०श असायला हवं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटलंय. जितकं असेल तितकं. आपल्या कोंकणीत ‘जितलें तितलें’. एकाहून जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक, आणि लिहिताना नुसतं पहिलं अक्षर: या, का, नी. मी हे मुलांना आवर्जून सांगायची. एक्स हे परकं भूत आहे असं त्यांना वाटत असतं, आणि आपल्याच भाषेत त्याला किती साधं नाव होतं हे कळलं की चेहरे जरा सैल होतात.

उद्याच्या शिकवणीला वही उघडू नका. सात-आठ रिकाम्या आगपेट्या आणि दोन मुठी चिंचोके घ्या. मुलं यायच्या आधी प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके भरून ठेवा, समजा सात. मुलांना आकडा सांगायचा नाही, फक्त सगळ्या पेट्यांत सारखेच आहेत एवढं सांगायचं. दोन पेट्या आणि तीन सुटे चिंचोके त्यांच्यासमोर मांडा आणि विचारा, एकूण चिंचोके किती? कोणी तरी म्हणेलच, “पेटी उगडल्याबगर कशें कळटलें?” तिथे थांबा. बीजगणितातलं ‘चल’, म्हणजे बदलू शकणारी संख्या, म्हणजे काय ते त्या मुलाने सांगून टाकलंय, त्याला शाबासकी द्या. मग म्हणा, बरं, न उघडता जेवढं सांगता येईल तेवढं सांग. “दोन पेट्यांतले आणि तीन.” एका पेटीत जितके चिंचोके तितक्याला क्ष म्हणायचं (त्यांच्या वहीत एक्स असेल, मी इथे क्ष लिहिते), म्हणजे २क्ष + ३. याला पाच पेट्या म्हणू या का, असं मुद्दाम विचारा. सुटे चिंचोके पेटी होत नाहीत हे समोर दिसत असतं, त्यामुळे तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. मग पेट्या उघडून मोजा: १७. खरंच पाच पेट्या असत्या तर ३५ झाले असते.

दुसऱ्या दिवशी पेट्यांत पाच-पाच भरा. मांडणी तीच, लिहायचं तेच, २क्ष + ३. उघडल्यावर मात्र १३. क्ष ला ‘चल’ का म्हणतात ते या वेळी सांगा, आदल्या दिवशी नको. आणि ‘क्ष म्हणजे पेटी’ असं स्वतःच्याही तोंडून निघू देऊ नका, नाही तर आंबा जाऊन त्याच्या जागी पेटी येईल, बाकी काही बदलणार नाही. दर वेळी ‘क्ष म्हणजे पेटीत जितके आहेत तितके’ असं पूर्ण वाक्य बोला. कंससुद्धा याच खेळात येतो. एक पेटी आणि तीन सुटे यांची पुरचुंडी, अशा दोन पुरचुंड्या. २(क्ष + ३). सोडून मांडल्या की दोन पेट्या आणि सहा सुटे. कंसाबाहेरच्या दोनने फक्त क्ष ला गुणून तीनला विसरणारं पोर स्वतःच्या हाताने पुरचुंडी सोडल्यावर सहसा विसरत नाही.

२क्ष + ३ ला ५क्ष लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते पहिलीपासूनचं आहे. मुलांना बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी आज्ञा वाटते. ८ + ५ = म्हटलं की १३. उत्तरात अधिकचं चिन्ह उरलं की त्यांना काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, आणि अर्धवट ठेवलं तर टीचर रागावतील म्हणून ती ते ‘पूर्ण’ करतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील पायलट, मोटारसायकलवरून माणसं पोचवायचे. मी त्याला विचारलं, समजा बसल्या-बसल्या वीस रुपये आणि पुढे किलोमीटरला दहा, तर भाडं किती? तो म्हणाला, “टीचर, कुठे जायचंय ते सांगितल्याशिवाय भाडं कसं सांगू? हिशेब कसा करायचा ते सांगतो. किलोमीटरला दहाने गुणायचं आणि वीस मिळवायचे.” मी फळ्यावर १०क्ष + २० लिहिलं आणि म्हटलं, हेच तुझं उत्तर. ते आता ३०क्ष करशील का? तो म्हणाला, “एका किलोमीटरला चालेल. पाच किलोमीटरला गिऱ्हाईक मारायला येईल.”

ताई, त्या पोराचं ते उत्तर मी पुढे प्रत्येक तुकडीला सांगितलं, कारण त्याने न शिकवता अक्षराच्या जागी आकडा घालून तपासलं होतं. पाच किलोमीटरला सत्तर व्हायचे तिथे दीडशे होतात हे त्याला दिसलं असणार. अक्षर जर संख्या असेल, तर कुठलाही दावा खरा की खोटा हे पोर स्वतः ठरवू शकतं. चार्टकडे बघायला नको, तुम्हाला विचारायला नको, उत्तरं छापलेल्या शेवटच्या पानावर जायला नको. २क्ष + ३ आणि ५क्ष एकच का? क्ष ला ७ धर. एकीकडे १७, दुसरीकडे ३५. नाहीत एकच. मला वाटतं, बीजगणितात मुलांना घाबरवणारी गोष्ट ही असते की चूक कुठे झाली ते कळायला त्यांच्या हातात काहीच नसतं. लाल शाई येईपर्यंत वाट बघायची. आकडा घालून बघणं ही त्यांच्या हातात दिलेली पहिली वस्तू.

पण आकडा निवडताना मुलं सोपा म्हणून १ घेतात किंवा २ घेतात, आणि फसतात. १ धरला तर २क्ष + ३ आणि ५क्ष दोन्ही पाचच येतात. त्या पायलटच्या मुलाने ‘एका किलोमीटरला चालेल’ म्हटलं ते याच कारणाने. २ धरला तर क्ष² आणि २क्ष दोन्ही चार, कारण दोन अधिक दोनही चार आणि दोन गुणिले दोनही चार. शून्य तर सगळंच गिळून टाकतं. म्हणून ०, १ आणि २ यांना तपासणीत बंदी घाला. ३, ५, ७, १० हे चांगले. क्ष ला १० धरून २क्ष म्हणजे २० आणि क्ष² म्हणजे १०० हे एकदा पाहिलं की दोन्ही एक म्हणणं जीभ स्वतःच नाकारते. मोठ्या मुलांना हेही सांगा की आकडा जुळला म्हणून नियम सिद्ध होत नाही, दोन-तीन आकड्यांना जुळला तर फक्त विश्वास वाढतो. न जुळायला मात्र एक आकडा पुरतो.

आता घातांक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातल्या निम्म्या चुका इथल्या आहेत.

भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त वर्गाला ‘समद्विघात’ म्हटलंय आणि घनाला ‘समत्रिघात’. घात म्हणजे गुणाकार. दोन सारख्या संख्यांचा गुणाकार, तीन सारख्या संख्यांचा गुणाकार. या शब्दातला दोन किंवा तीन हा कशाला तरी गुणायला आलेला नाही, तो मोजायला आलाय: सारख्या संख्या किती जणी शेजारी उभ्या आहेत. मुलं ३⁴ ला १२ लिहितात तेव्हा त्यांनी मोजणाऱ्याला गुणणारा केलेलं असतं. म्हणून पहिले दोन आठवडे घातांक वर लिहूच देऊ नका. क्ष × क्ष × क्ष असं लांबलचक लिहू द्या. कंटाळू द्या त्यांना. लांबट लिहून हात दुखला की छोट्या खुणेची गरज त्यांना स्वतःला वाटते, आणि गरज वाटून आलेली खूण लक्षात राहते. घातांक वर बारीक लिहायची आजची पद्धत फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली, पण वर्ग मात्र तो बऱ्याचदा ‘अअ’ असाच लिहायचा. तेव्हा तुमच्या मुलांनी लांब लिहिलं तर काही कमी दर्जाचं लिहिलं असं नाही.

३² × ३⁴ लांब लिहा: (३ × ३) × (३ × ३ × ३ × ३). तीन किती वेळा आला? सहा वेळा. ३⁶. नऊ कुठून येणार, तिथे उभे आहेत ते सगळे तीनच आहेत. आठ कुठून येणार, मोजले तर सहाच. तपासून बघा: ९ × ८१ = ७२९, आणि ३⁶ ही ७२९. ३⁸ म्हणजे ६५६१, आणि ९⁶ तर पाच लाखांच्या वर.

आणि आता एक गोष्ट, जी मला शिकवून-शिकवून उशिरा सापडली. प्रत्येक मुलाला स्वतःचा वंशवृक्ष काढायला सांगा. खाली तो स्वतः, एक. वर आई-बाबा, दोन. त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, चार. मग पणजी-पणजोबा, आठ. त्यांच्याही वर खापरपणजी-खापरपणजोबा, सोळा. नावं माहीत असतील तेवढी लिहू द्या, बाकीच्या जागा रिकाम्या. त्या निमित्ताने मुलं घरी आजीला विचारतील, तेही बरंच. प्रत्येक पिढीला दुप्पट, म्हणजे किती पिढ्या वर गेलो तो घातांक, पाया २. तिसऱ्या पिढीत २³ म्हणजे ८.

आता म्हणा, या आठही जणांच्या प्रत्येकी दोन पिढ्या आणखी वर जाऊ. आठांपैकी प्रत्येकाचे आजी-आजोबा चार. ८ × ४ = ३२. म्हणजे २³ × २². पण तू स्वतःपासून एकूण किती पिढ्या वर आलास? तीन आणि दोन, पाच. २⁵, तेही ३२. तीन आणि दोन यांची बेरीज का करायची आणि गुणाकार का नाही, हे आता कोणी सांगायला नको. पिढ्या मिळवायच्या असतात, गुणायच्या नसतात. आणि (२³)² म्हणजे तीन पिढ्यांची उडी दोनदा. सहा पिढ्या, चौसष्ट जण. इथे गुणाकार का येतो तेही दिसतं, तीन-तीनची उडी दोन वेळा. हे दोन नियम मुलं आयुष्यभर एकमेकांत घोळवतात. वंशवृक्षावर बोट ठेवून दोन्ही एकदा चढलेलं मूल सहसा घोळवत नाही.

(एखादं चुणचुणीत पोर विचारेल, दहा पिढ्या वर १०२४ जण, मग एवढी माणसं तेव्हा गावात होती का? नात्यात लग्नं व्हायची, त्यामुळे एकच माणूस झाडावर दोन जागी येऊ शकतो. आपण जागा मोजतोय असं त्याला सांगा. आणि असा प्रश्न आला तर दुसऱ्या दिवशी मला पत्र लिहा, मला फार आनंद होईल.)

आता तुमच्या त्या मुलीचा प्रश्न. शून्य घात. तिला झाडाच्या तळाशी आणा. शून्य पिढ्या वर गेलं की कोण? ती स्वतः. किती जणी? एक. २⁰ = १. शून्य पिढ्या म्हणजे शून्य माणसं नव्हेत, कारण मोजायला सुरुवात करणारी ती तिथे उभी आहेच.

हे दोनचं झालं. तिने ‘कुठल्याही संख्येचा’ असं विचारलंय, तेव्हा तिथे थांबू नका. तिला तीनच्या घातांची उतरंड लिहायला सांगा. ८१, २७, ९, ३. घातांक ४, ३, २, १. प्रत्येक पायरीला घातांक एकाने उतरतो, आणि संख्येचं काय होतं? तिला तीनने भाग जातो. घातांक एकवरून शून्यावर उतरला, मग तीनला तीनने भागा. एक. पाचची उतरंड केली, दहाची केली, तरी शेवटच्या पायरीवर एकच येतो, कारण कुठल्याही संख्येला तिनेच भागलं की एक. फक्त शून्य पाया तेवढा सोडायचा, कारण शून्याने भागता येत नाही. ती मुलगी जर आणखी एक पायरी उतरून ‘आता एक-तृतीयांश?’ म्हणाली, तर उणे घातांक तिने स्वतः शोधला असं समजा. इथे वंशवृक्षाकडे मात्र परत नेऊ नका, तो उणे पिढ्यांना उपयोगाचा नाही. कुठल्याही दृष्टान्ताला तो पोचतो तेवढाच ताणावा. आंब्याच्या बाबतीत आपण तेच केलं नाही.

तिला ‘तसा नियमच आहे’ म्हटल्याबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय, ते पत्रात दिसतंय. तिला सरळ सांगा, “तू विचारलंस तेव्हा मला माहीत नव्हतं. मी शोधून काढलं, चल दाखवते.” पोरांना हे ऐकून शिक्षकाबद्दलचा आदर कमी होत नाही, मी हे अनेकदा करून पाहिलंय.

घातांकाबद्दल आणखी एक. तो फक्त त्याला चिकटून बसलेल्यालाच धरतो. २क्ष³ मध्ये तीनने क्ष ला धरलंय, दोनला नाही. क्ष ला ५ धरला तर २ × १२५, म्हणजे २५०. दोनलाही धरायचं असेल तर कंस लागतो. (२क्ष)³ म्हणजे दहाचा घन, १०००. उण्याचंही तसंच: कंसाशिवायचं −३² म्हणजे −९, आणि (−३)² म्हणजे ९. या जोड्या शेजारी-शेजारी लिहून, आकडे घालून, मुलांकडूनच फरक वदवून घ्या.

(अ + ब)² ला अ² + ब² लिहिण्याची चूक तुम्ही लिहिली नाहीत, पण ती पुढे येणारच, म्हणून चौकटीची वही तयार ठेवा. सात चौकटींची बाजू असलेला चौरस काढून बाजूचे ३ आणि ४ असे भाग पाडले की दोन छोटे चौरस मिळतात, ९ आणि १६ चौकटींचे. त्यांची बेरीज २५, आणि अख्ख्या चौरसात तर ४९. उरलेल्या २४ चौकटी कुठे गेल्या ते मुलं स्वतः रंगवतील. ३ गुणिले ४ चे दोन आयत आहेत. पुरे तेवढं.

आता भाषेबद्दल, कारण गोव्यात हा विषय टाळून गणित शिकवता येत नाही. तुमच्या मुलांपैकी काही जण मराठी प्राथमिक शाळेतून आलेली असणार. पाढे मराठीत, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजीत, घरात बोलणं कोंकणीत. बीजगणितात नव्या शब्दांचा मारा होतो तेव्हा त्यांना गणित अडलंय की शब्द, हे आपल्याला कळत नाही. एक उदाहरण सांगते. आपल्याकडे गुणाकाराला सर्रास ‘इंटू’ म्हणतात. मग ‘थ्री टू द पॉवर टू’ आणि ‘थ्री इंटू टू’ हे दोन्ही मुलांच्या कानांना जवळजवळ सारखंच लागतं, आणि ३² चं उत्तर सहा येतं. क्ष² आणि २क्ष एकच समजणाऱ्या तुमच्या मुलांपैकी एक-दोघांचा घोळ असा कानाचा असू शकतो. त्यांना गणित मोठ्याने वाचायला लावा, म्हणजे कळेल. अर्थ मराठीतून किंवा कोंकणीतून बोलू द्या: सहगुणक म्हणजे सोबत राहून गुणणारा, सजातीय पदं म्हणजे ज्यांच्यात अक्षर तेच आणि घातांकही तोच. ४क्ष आणि ७क्ष सजातीय, ४क्ष आणि ७क्ष² नव्हेत. क्ष ला ३ धरून त्यांना ते तपासू द्या. अर्थ पक्का झाला की मग त्याच्याशेजारी कोइफिशंट, लाइक टर्म्स लिहायचं. परीक्षेत तो शब्द येणार आहे, तो यायलाच हवा, पण रिकाम्या हाताने नको.

भिंतीवरचा चार्ट काढून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी त्याच सहा मुलांकडून नवा लिहून घ्या, प्रत्येक नियमाखाली तो का खरा आहे त्याचं एक उदाहरण त्यांच्या अक्षरात. गृहपाठाला चाळीस गणितं देत असाल तर आठ द्या, आणि प्रत्येकाखाली आकडा घालून केलेली तपासणी मागा. तपासणीत चूक सापडली आणि मुलाने ती स्वतः खोडून सुधारली, तर त्याला बरोबर गणिताएवढीच शाबासकी. सुरुवातीला वेग कमी होईल. शाळेत पुढचा धडा सुरू होईल आणि तुमची मुलं अजून आगपेट्याच उघडत बसलीत म्हणून तुमचा जीव खालीवर होईल. पण ज्या मुलाला २क्ष + ३ म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला पुढच्या धड्यातली समीकरणं सोडवून तरी काय कळणार?

राहिली ती आई. तिच्यावर रागावू नका. वीसपैकी सहा बघून कुठल्याही आईला धास्ती वाटेल, आणि शिकवणीचे पैसे तिला कुठून तरी काढावे लागत असतील. महिना संपायला जेवढे दिवस आहेत तेवढे त्या मुलीबरोबर वर सांगितलं ते करा, आणि मग आईला संध्याकाळी बल्कांवावर बोलावून घ्या. मार्कांबद्दल बोलू नका. मुलीला पाटीवर २क्ष + ३ आणि ५क्ष लिहायला सांगा, आणि हे दोन्ही एक नाहीत हे आईला पटवून देण्याचं काम तिच्यावरच सोपवा. क्ष ला कोणता आकडा धरायचा, तो मात्र आईला निवडू द्या. आईने जर १ म्हटलं, तर तुम्ही मध्ये बोलू नका. तो आकडा का चालत नाही, ते मुलगीच सांगेल.